अनुभव धागा : अँड्रिया मीड लॉरेन्स – डोंगरावरच्या दोरापासून मोनो सरोवरापर्यंत

अँड्रिया मीड लॉरेन्स. जन्म १९ एप्रिल १९३२, व्हरमाँट. मृत्यू ३० मार्च २००९, कॅलिफोर्नियातलं मॅमथ लेक्स. १९५२ च्या ओस्लो हिवाळी ऑलिंपिकमध्ये वयाच्या १९ व्या वर्षी स्कीइंगची दोन सुवर्णपदकं. बहुतेक ठिकाणी तिची ओळख एवढ्यावरच उरकतात.

पण हे आयुष्य आईवडिलांनी डोंगरावर लावलेल्या दोरापासून सुरू झालं आणि बर्फ वितळून झालेलं पाणी कुणाचं, या भांडणापर्यंत पोचलं. म्हणून या धाग्यावर लिफ्टवाले (स्कीवाल्यांना डोंगरावर ओढून नेणारी यंत्रं चालवणारे), स्कीची डागडुजी करणारे, स्लॅलम (रोवलेल्या दांड्यांमधून वळणं घेत उतरायची शर्यत) शिकवणारे, नियोजनाच्या कायद्यात आणि पाण्याच्या कामात असलेले अशांना मुद्दाम बोलावलं आहे. विनंती एकच. ‘मी पहिल्यांदा बर्फ पाहिला तेव्हा’ हे इथे नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत. तिच्या आयुष्यातला एकेक तुकडा घ्या आणि ते काम प्रत्यक्षात कसं चालतं, कुठे बिघडतं, ते लिहा.

दोरखंड

सुरुवात तिच्या घरापासून करतो, कारण ही मुलगी लिफ्टच्या घरात वाढली. ब्रॅड आणि जॅनेट मीड या जोडप्याने १९३७ च्या हिवाळ्यात रटलंडजवळच्या पिको पीकवर स्कीचा उतार सुरू केला. अँड्रिया तेव्हा पाच वर्षांची. वर जायची सोय म्हणजे मोटारगाडीच्या इंजिनावर फिरणारा सुमारे १,२०० फुटांचा दोर. व्हरमाँटमध्येच वुडस्टॉकला १९३४ मध्ये असा दोर लागला होता, तो अमेरिकेतला पहिला.

यंत्र अगदी साधं. खाली इंजिनाने फिरणारी कप्पी, वर दुसरी कप्पी, मध्ये दोराचं अखंड कडं. जाणारा आणि येणारा पदर धरून १,२०० फुटांच्या उताराला २,४०० फूट दोर लागतो. एक इंची मनिला दोर असेल तर कोरडाच तीनशे किलोच्या आसपास भरतो. बर्फात भिजला की आणखी जड होतो, मधे झोळ पडतो आणि इंजिनाची निम्मी ताकद नुसता दोर ओढण्यात जाते. त्यात थंडी वाढली की ओला दोर गोठून काठीसारखा होतो आणि खालच्या कप्पीवर घसरायला लागतो.

दोर धरायची रीत आहे. एकदम मूठ आवळली तर खांद्याला असा हिसका बसतो की माणूस तोंडावर पडतो. स्की दोराला समांतर ठेवायच्या, दोर आधी हातमोज्यातून नुसता सरकू द्यायचा, मग मूठ हळूहळू घट्ट करत न्यायची. पुढचा हात अंगासमोर, मागचा पाठीमागून वळवून. चामडी हातमोज्याचा तळवा थोड्याच दिवसांत आरपार झिजतो, म्हणून तळव्याला वेगळा चामड्याचा तुकडा शिवून घेत. लहान मुलांची आणखी एक अडचण असते. खोलगट जागेवर ताणलेला दोर वर उचलला जातो आणि हलकं मूल त्याला लोंबकळतं.

सगळ्यात वाईट म्हणजे पीळ. तीन पदरी दोराला ताण आला की तो स्वतःभोवती फिरतो. मोकळे केस, मफलर, सैल बाही त्यात गुंडाळली गेली की हात सोडूनही माणूस सुटत नाही. यासाठी वरच्या कप्पीच्या अलीकडे आडवी तार बांधतात. तिला अंग लागलं की इंजिन बंद पडलंच पाहिजे. रोज सकाळी ती तार ओढून पाहायची, मगच पहिला माणूस वर सोडायचा.

१९४० मध्ये पिकोवर टी-बार आला, अमेरिकेतला पहिला. रचना झुरिकच्या एर्न्स्ट कॉन्स्टॅम या इंजिनिअरची. त्याची पहिली अशी लिफ्ट १९३४ मध्ये दाव्होसला लागली होती. डोक्यावरून फिरणारी तार, तिला स्प्रिंगच्या डब्यातून लोंबणारी दोरी आणि खाली उलटा टी. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, आडवी दांडी बैठकीखाली येऊ द्यायची आणि बसायचं मात्र नाही. नवखा इथेच फसतो. तो टेकतो, स्प्रिंग ताणली जाते, दांडी गुडघ्यापर्यंत उतरते आणि दोघेही आडवे होतात. वर पोचल्यावर सपाट जागा आली की दांडी अंगापासून हळूच दूर करायची. भिरकावली तर ती झोके घेत मागच्याच्या कपाळावर किंवा खांबावर आपटते.

१९४२ मध्ये ब्रॅड मीड वारले आणि पुढे डोंगर जॅनेटबाईंनी चालवला. स्कीइंगमध्ये काम केलेल्या बायका म्हणाल तर या घरात अशा दोन होत्या.

कानस

वरच्या प्रतिसादाला जोडून साहित्याबद्दल लिहितो. ओस्लोतल्या वेळा आजच्या वेळांशी ताडून पाहण्याआधी तिच्या पायात काय होतं ते समजून घ्यायला हवं.

स्की लाकडी. हिकरीच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या, लांबी दोन मीटरच्या आसपास. हात सरळ वर केला की मनगटाशी टोक यावं, हे त्या काळचं माप. आजच्या बायकांच्या स्लॅलम स्की १५५ ते १६० सेंटिमीटरच्या असतात आणि त्यांची कंबर बारीक असते, त्यामुळे कडेवर कलल्या की स्वतःच वळतात. जुन्या स्कीला ही कंबर जेमतेम. वळण पायाने आणि अंगाच्या तोलाने काढावं लागे.

बर्फात रुतणारी स्कीची पोलादी कड म्हणजे एकसंध पट्टी नव्हे. ऑस्ट्रियाच्या रुडोल्फ लेटनरने १९२० च्या दशकात काढलेली युक्ती होती ती : पोलादाचे छोटे तुकडे स्क्रूने लाकडात बसवायचे. तुकडे का, तर लांब पट्टी बसवली तर लाकडी स्की मुक्तपणे वाकत नाही आणि पट्टी तरी उचकटते किंवा लाकूड तरी फाटतं. तुकड्यांमध्ये केसाएवढी फट राहिली की स्की वाकू शकते.

बिघाड ठरलेला. लाकूड ओलं-कोरडं होत राहतं, स्क्रूचं भोक सैल होतं, एक तुकडा अर्धा मिलिमीटर वर येतो. मग तो बर्फात अडकतो आणि भरधाव स्की आडवी होते. उपाय आपल्याकडचा सुतारही हाच करील. स्क्रू काढायचा, भोकात सरस लावून काडीचा तुकडा ठोकायचा, वाळू द्यायचा, पुन्हा स्क्रू पिळायचा. त्यानंतर कानस स्कीच्या तळावर सपाट धरून टोकापासून शेपटीकडे एकाच दिशेने ओढायची, जोपर्यंत तुकडा बोटाला लागत नाही तोपर्यंत. मागेपुढे घासली की कड दातेरी होते. पट्ट्यांचे सुटे तुकडे, स्क्रू आणि पेचकस खिशात बाळगणं ही हौस नव्हती, गरज होती.

आता बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जखडणारी जोडणी. टाचेमागून स्प्रिंगची तार, बुटाच्या पुढे ती ताणणारी खटकी आणि बाजूंना खालच्या अंगाला हुक. तार हुकांखालून घेतली की टाच स्कीला जखडते. चामड्याचा लांब पट्टा बुटाभोवती गुंडाळून आणखी आवळणारेही होते. महत्त्वाची गोष्ट ही की हे बाइंडिंग पडल्यावर सुटत नाही. आजचं बाइंडिंग ठरावीक पिळाला बूट सोडतं. तेव्हा स्कीला पीळ बसला की तो सरळ घोट्याला आणि नडगीला जायचा. त्यामुळे तोल गेला तरी स्की एकमेकींत अडकू न देणं हे त्या पिढीच्या अंगात मुरलेलं असे.

जपणुकीचं एक, कारण अशा जुन्या स्की अजून घरांच्या माळ्यावर सापडतात. स्कीला मधे कमान असते. ती बर्फावर माणसाचं वजन टोकापर्यंत पसरवते. दोन स्की तळाला तळ लावून, दोन टोकांना बांधून, मधे लाकडी ठोकळा घालून ठेवाव्यात. ठोकळा न घालता भिंतीला टेकवून ठेवल्या तर एका पावसाळी हंगामात कमान बसते. ती परत आणायचा खात्रीचा मार्ग नाही.

उतारकर

‘कानस’ यांनी लिहिलं ते वाचून मगच पुढचं वाचा, म्हणजे ओस्लोचे आकडे नीट कळतील.

पहिली शर्यत जायंट स्लॅलम (स्लॅलमचाच लांब, मोठ्या वळणांचा प्रकार), १४ फेब्रुवारी १९५२, नोरेफ्येल डोंगरावर. म्हणजे उद्घाटन समारंभाच्या आदल्या दिवशी. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये त्याच वर्षी पहिल्यांदा आला आणि तेव्हा एकाच फेरीत निकाल लागायचा. अँड्रिया २ मिनिटं ६.८ सेकंद. ऑस्ट्रियाची डागमार रोम २ मिनिटं ९.० सेकंद. जर्मनीची अनेमारी बुखनर २ मिनिटं १०.० सेकंद. दोन सेकंदांहून जास्त फरकाने सुवर्ण, यावर वेगळं काही लिहायला नको.

डाउनहिलमध्ये, म्हणजे निव्वळ वेगाच्या शर्यतीत, पडून ती सतरावी आली. हेही लिहिलं पाहिजे, कारण नुसती पदकं मोजली की खेळाडू कळत नाही.

खरा अभ्यास करावा असा दिवस म्हणजे २० फेब्रुवारी, रॉडक्लाइव्हा उतारावरचा स्लॅलम. दोन फेऱ्या, वेळांची बेरीज.

पहिल्या फेरीत तिची स्की एका गेटच्या दांड्याला अडकली. गेट म्हणजे दोन दांडे, आणि दोन्ही पावलं त्या दांड्यांना जोडणाऱ्या रेषेवरून गेली तरच ते गेट पार झालं असं धरतात. एक स्की दांड्याच्या आत आणि एक बाहेर गेली तर ते गेट चुकलं. बहुतेक जण इथे हात टेकतात. ती थांबली, परत वर चढली, गेट नियमाप्रमाणे पार केलं आणि खाली आली. वेळ १ मिनिट ७.२ सेकंद, स्थान चौथं. पहिल्या क्रमांकावर जर्मनीची ओसी राइखर्ट, १ मिनिट ६.० सेकंद.

दुसरी फेरी. राइखर्ट १ मिनिट ५.४. अँड्रिया १ मिनिट ३.४. एका मिनिटाच्या शर्यतीत दोन सेकंद. बेरीज २ मिनिटं १०.६ विरुद्ध २ मिनिटं ११.४. म्हणजे १.२ सेकंदांची पिछाडी भरून वर ०.८ ची आघाडी.

आता स्की का अडकते ते पाहू. तेव्हा दांडे बांबूचे, जमिनीत घट्ट रोवलेले. १९८० च्या दशकात मुळाशी लवचिक सांधा असलेले दांडे आले आणि खेळाडू ते नडगीने, मुठीने पाडत जाऊ लागले. त्यामुळे आज पाय दांड्याच्या अगदी जवळून जातात आणि अंग दांड्याच्या आत कलतं. बांबूच्या काळात अख्खं अंग दांड्याला वळसा घालून न्यावं लागे, म्हणजे रेघ बाहेरची आणि लांब. वेळ वाचवायचा म्हणजे बांबूला खांदा घासून जायचं. एवढ्या जवळून जाताना वळण क्षणभर उशिरा सुरू झालं की स्कीचं टोक दांड्याच्या चुकीच्या बाजूला शिरतं.

वळण उशिरा होण्याचं कारण जवळजवळ नेहमी आधीच्या गेटात असतं. नवशिका दांड्याकडे सरळ जातो आणि दांड्यापाशी पोचल्यावर वळतो. तोवर उतार त्याला खाली ओढतो, पुढचं गेट वर राहतं, मग कडा करकचून रोवाव्या लागतात, बर्फ उडतो आणि वेग जातो. बरोबर रेघ अशी की वळणाचा मोठा भाग दांड्याच्या वर, चढाच्या बाजूलाच संपवायचा. दांड्याजवळून जाताना स्की पुढच्या गेटाकडे तोंड करून मोकळी झालेली असली पाहिजे.

चूक झाल्यानंतरची दुसरी चूक जास्त महाग पडते. मागे पडलेला खेळाडू भरपाई करायला जातो, वळणं घाईने कापतो, स्की जबरदस्तीने फिरवतो. घसरत काढलेलं प्रत्येक वळण सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा खातं, आणि असं वीस वळणांत झालं की दोन-तीन सेकंद गेले. तिच्या दुसऱ्या फेरीचा आकडा उलट सांगतो. पहिल्या फेरीच्या गोंधळानंतरही घसरणारी वळणं तिने काढली नाहीत, नाहीतर ६३.४ ही वेळ त्या स्कींवर निघतच नाही.

शिकवणाऱ्यांना एक सूचना. मुलांकडून मुद्दाम गेट चुकवून परत चढायचा सराव करून घ्या. उतार आडवा धरून स्की ठेवायची, वरची कड रोवायची, पायरी-पायरीने वर. पाच-सहा पायऱ्यांत गेटवर परत येता आलं पाहिजे. हा सराव न केलेलं मूल आधी खालीच बघत बसतं आणि तिथेच चार सेकंद जातात.

एक वाचक

परत चढायचं म्हणजे नेमकं कुठवर? आणि पुन्हा पहिल्यापासून वळण घ्यायचं का?

उतारकर

पहिल्यापासून नाही. दोन्ही पावलं दोन दांड्यांमधल्या रेषेवरून जातील एवढंच वर. पंच रेषा बघतो, वळणाची सुबकता नाही. घाबरलेला खेळाडू गरजेपेक्षा दीड-दोन मीटर जास्त चढतो, तेही बघितलेलं आहे.

दशांश

ओस्लोच्या पदकांपुढे १९५६ चं कोर्तिना ऑलिंपिक कुणी काढत नाही, म्हणून एवढंच लिहितो. तोवर तिला तीन मुलं झाली होती, तिसरं तर काही महिन्यांचंच होतं. जायंट स्लॅलममध्ये ती माडलेन बेर्तो हिच्यासोबत बरोबरीने चौथी आली. वेळ १ मिनिट ५८.३ सेकंद. कांस्यपदकाची वेळ १ मिनिट ५८.२. निकाल तेव्हा दशांश सेकंदात लावत, म्हणून बरोबरी होणं नवल नव्हतं. आज शतांशात मोजतात. ओसी राइखर्टने त्या दिवशी सुवर्ण घेतलं, ओस्लोची फिट्टंफाट म्हणा हवं तर.

मशालजी

१९६० चं स्क्वॉ व्हॅली हिवाळी ऑलिंपिक, कॅलिफोर्नियातलं. उद्घाटनाला मशाल घेऊन ती पपूस पीकच्या उतारावरून स्कीवर खाली आली, सोबत स्की पेट्रोलची (उतारावर गस्त घालणारी) माणसं, आणि खाली तिने ती स्पीड स्केटर केन हेन्रीकडे दिली.

दिसायला सोपं, करायला वेगळंच. मशाल एका हातात असली की स्कीच्या काठ्या नाहीत, म्हणजे वळणाआधी काठी टेकून मिळणारा ताल नाही. हात वर धरला की अंगाचा तोलबिंदू वर आणि एका बाजूला सरकतो. म्हणून पाय नेहमीपेक्षा फाकून, वळणं लांब आणि गोल घ्यायची. वेग एकदम कमी-जास्त करायचा नाही, कारण त्याने ज्योत हेलकावते. मशाल वाऱ्याच्या खालच्या बाजूला, अंगापासून हातभर लांब आणि किंचित पुढे. सोबतचे स्कीवाले शोभेला नसतात. त्यांनी ठरलेलं अंतर सोडून जवळ यायचं नाही आणि त्यांच्या स्कीने उडालेला बर्फ मशालीवर जाता कामा नये.

हरकतदार

इथून पुढे बाईंचं दुसरं काम. मला यातच जास्त रस आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

१९६८ मध्ये लॉरेन्सबाई पाच मुलांना घेऊन मॅमथ लेक्सला राहायला आल्या. सिएरा नेवाडाच्या पूर्व उतारावरचं स्कीचं गाव. स्कीचं गाव वाढतं ते एकाच पद्धतीने : आधी लिफ्ट, मग लिफ्टजवळ सदनिका, मग उंच इमारती. अशाच एका मोठ्या सदनिका-प्रकल्पाला मोनो जिल्ह्याने परवानगी दिली. ‘फ्रेंड्स ऑफ मॅमथ’ या गटाने, ज्याच्या स्थापनेत बाई होत्या, त्याला कोर्टात आव्हान दिलं.

मुद्दा एका शब्दाचा होता. कॅलिफोर्नियाचा पर्यावरण गुणवत्ता कायदा १९७० चा. त्यात प्रकल्पाच्या आधी परिणाम-अहवाल करा असं होतं, पण प्रकल्प म्हणजे सरकारने स्वतः बांधलेले रस्ते, धरणं एवढंच, असं सगळे धरून चालले होते. २१ सप्टेंबर १९७२ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खासगी बांधकामाला सरकारी परवाना लागत असेल तर तेही यात येतं. त्या एका निकालाने राज्यातली प्रत्येक मोठी खासगी इमारत अहवालाच्या कक्षेत आली. बांधकामवाल्यांत हाहाकार झाला आणि त्याच वर्षाअखेर विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून व्याख्या नीट लिहून काढली.

आज ही प्रक्रिया अशी चालते. आधी प्राथमिक तपासणी. परिणाम नगण्य असेल तर तसं जाहीर करून मोकळं होता येतं. नसेल तर पूर्ण अहवाल. मसुदा लोकांसमोर, हरकतींना किमान ३० दिवस, राज्याच्या यंत्रणेकडे पाठवलेल्या मसुद्याला सहसा ४५. प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर. मग मंजुरी. मंजुरीची सूचना नोंदवल्यापासून कोर्टात जायला ३० दिवस.

लोक कुठे हरतात? एक, ‘डोंगराचं सौंदर्य बिघडेल’ एवढंच लिहून. त्याला कोणी विचारत नाही. किती सदनिका, प्रत्येकी रोजचं पाणी किती, हिवाळ्यात पाइप गोठले की पर्यायी पुरवठा कुठला, मैलाशुद्धी केंद्राची उरलेली क्षमता किती, शनिवारी सकाळी किती गाड्या, हे आकड्यांत लिहावं लागतं. दोन, जी हरकत सुनावणी संपेपर्यंत नोंदवली गेली नाही ती कोर्टात काढता येत नाही. तीन, प्रकल्पाचे तुकडे. आज ४० सदनिका, पुढच्या वर्षी ४०, असं करत एकूण परिणाम कधीच मोजला जात नाही. हे पकडायचं तर पाण्याच्या जोडणीचा आराखडा मागवा. पाइप किती जाडीचा टाकलाय यावरून पुढे किती बांधायचं ठरवलंय ते कळतं. आपल्याकडच्या २००६ च्या पर्यावरण-परिणाम अधिसूचनेखालच्या जनसुनावण्यांना जाणाऱ्यांना यातलं काहीच नवीन वाटणार नाही.

गंमत अशी की त्या खटल्यात प्रतिवादी होतं मोनो जिल्ह्याचं पर्यवेक्षक मंडळ, म्हणजे जिल्ह्याचा कारभार पाहणारं निवडून आलेलं मंडळ. पुढे दहाएक वर्षांनी बाई त्याच मंडळावर निवडून आल्या आणि सोळा वर्षं राहिल्या.

खारपाणी

त्या सोळा वर्षांतलं मोठं प्रकरण मोनो सरोवर. लोणार पाहिलेल्यांना हे पटकन समजेल. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही, फक्त वाफ होऊन जातं. मागे क्षार राहतात. दोन्हीकडचं पाणी साबणासारखं बुळबुळीत लागतं, कारण सामू (pH) दहाच्या आसपास. फरक जन्माचा : लोणार बेसाल्टमधलं आघाती विवर, मोनो ज्वालामुखींच्या शेजारचं खोलगट खोरं.

मोनोला पाणी मिळतं सिएराच्या बर्फाचं, रश, ली व्हायनिंग, वॉकर आणि पार्कर या ओढ्यांतून. १९४१ पासून लॉस एंजेलिस शहराने हे ओढे वळवून तीनशेहून अधिक मैलांवर नेले. वाफ थांबत नाही, आवक मात्र घटली. १९८२ पर्यंत पातळी सुमारे ४५ फूट खाली. पाणी निम्मं राहिलं, म्हणजे तेवढेच क्षार निम्म्या पाण्यात, खारटपणा दुप्पट. अशा पाण्यात मासे नसतात. जगतात ते खारे झिंगे आणि सोडामाश्या, आणि त्यांच्यावर लाखो पक्षी.

पातळीचा प्रत्येक फूट का मोजतात याचं उत्तर सरोवरातल्या नेगिट बेटावर आहे. पातळी समुद्रसपाटीपासून ६,३७५ फुटांखाली गेली की बेट आणि किनारा यांच्यामध्ये जमीन उघडी पडते. १९७९ मध्ये कोयोटी (लांडग्या-कोल्ह्यांच्या कुळातले शिकारी) त्या वाटेने चालत गेले आणि कुरव पक्ष्यांची वसाहत उठली. दुसरी गोष्ट धूळ. उघडा पडलेला तळ पांढरा, क्षारांचा. वारा सुटला की ती भुकटी फुप्फुसापर्यंत जाते.

१९८३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जुने पाणीहक्कसुद्धा सार्वजनिक विश्वस्ततेच्या तत्त्वावर, म्हणजे पाणी सरकारने जनतेसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायचं या तत्त्वावर, तपासता येतात. १९९४ मध्ये राज्याच्या पाणी मंडळाने निर्णय क्रमांक १६३१ दिला : सरोवर ६,३९२ फुटांपर्यंत भरू द्या, ओढ्यांत किमान प्रवाह ठेवा, तोवर शहराचा उपसा पातळीला बांधलेला. कोर्टाचं काम अनेक संस्थांनी केलं. लॉरेन्सबाईंचं काम जिल्ह्याच्या टेबलावरचं, आणि ते दिसत नाही. जिल्हा छोटा, समोर महानगर. अशा वेळी जिल्ह्याचा अधिकृत ठराव सरोवराच्या बाजूने नोंदीवर असणं, आणि दर सुनावणीत तोच राहणं, याला वजन असतं. एका बैठकीत शब्द बदलला की पुढच्या तारखेला समोरचा वकील तोच कागद पुढे करतो.

एक सावधगिरी. ‘सरोवर वाचलं’ असं लिहिणाऱ्यांनी पातळीचा आलेख बघावा. निर्णय झाला म्हणून पाणी येत नाही. बर्फ कमी पडला की पातळी पुन्हा उतरते, आणि ६,३९२ चा आकडा अजून गाठलेला नाही.

हरकतदार

‘खारपाणी’ यांना जोड : २००३ मध्ये बाईंनी डोंगर आणि नद्यांसाठी स्वतःच्या नावाची संस्था काढली, तीही याच कामासाठी. तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या.

नकाशेवाला

शेवटचा तपशील माझ्याकडून. सिएरामध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यान आणि अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स अभयारण्य यांच्या सीमेवर, डोनोह्यू शिखरापासून साधारण एक किलोमीटर ईशान्येला, एक बिननावाचं शिखर होतं. उंची १२,२४० फूट, म्हणजे ३,७३१ मीटर. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकन संसदेच्या कायद्याने त्याला माउंट अँड्रिया लॉरेन्स हे नाव मिळालं. अभयारण्याकडच्या उतारावरचा बर्फ रश क्रीकच्या खोऱ्यात उतरतो, म्हणजे ‘खारपाणी’ यांनी वर लिहिलेल्या त्याच ओढ्यात.

२०१३ च्या आधीचा छापील नकाशा असेल तर नाव शोधू नका, तिथे नुसता १२,२४० हा आकडा आहे. आणि ‘मीड’ घालूनही शोधू नका. शिखराच्या नावात तो शब्द नाही.